चाळणी बंद करताना ड्राइव्ह ‘ओव्हरव्होल्टेज’ मारतो? नवा रेझिस्टर आणण्याआधी हे तपासा

नागपूरजवळच्या पाचगावच्या क्रशरपट्ट्यात, हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीत, दाल मिलपासून फाउंड्रीच्या सँड प्लांटपर्यंत एकच फोन मला वर्षातून कितीदा तरी येतो. “भाऊ, चाळणी बंद केली का ड्राइव्ह ट्रिप मारते, अन् मशीन अंगात आल्यासारखी करते जी.” ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक खोकं, आणि ट्रिप म्हणजे त्याने स्वतःला वाचवायला काम थांबवणं. या तक्रारीला जोडूनच पुढचं वाक्य येतं, “रेझिस्टर लहान पडला असंन, मोठा लावून देऊ का?”

लावू नका. निदान आज तरी नको. व्हायब्रेटिंग स्क्रीन, फीडर, शेकर या मशिनींवर ब्रेकिंग रेझिस्टरची (मोटर मंद करताना उलटी येणारी शक्ती जाळणाऱ्या भागाची) तक्रार आली की साइज चुकीची असण्याचा नंबर बराच मागे लागतो. त्याआधी फुकटात तपासता येण्यासारखं पुष्कळ असतं. मी ज्या क्रमाने बघतो, त्याच क्रमाने लिहितोय.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे नेमकं काय होतं ते आधी ठरवा. कारण प्रत्येकाचं वेगळं आहे.

- बंद करताना सुरुवातीला काही होत नाही, पण वेग बराच उतरल्यावर, १०-१५ हर्ट्झच्या आसपास, ट्रिप येते.
- बंद करायची कमांड देताक्षणीच, वरच्या वेगालाच ट्रिप येते.
- मशीन नुसती हळू चालवली, जॉग केली, तरी ट्रिप येते.
- फक्त रात्री ट्रिप येते, किंवा फक्त दुपारी.
- मशीन उभी आहे, तरी रेझिस्टर तापलेला आहे.
- चार-पाचदा बंद-चालू केलं तरी रेझिस्टर गारच. याला कोणी तक्रार म्हणत नाही, पण सगळ्यात बोलकं लक्षण हेच.
- नवा रेझिस्टर काही महिन्यांतच जातो.

एक गोष्ट लक्षात घ्या. ट्रिप आली की ड्राइव्ह मोटरचा हात सोडतो. मग चाळणी मोकळी फिरत फिरत मंदावते आणि स्प्रिंगांच्या स्वतःच्या लयीत येऊन आदळते. त्या आदळण्याने नट ढिले होतात, रेझिस्टरच्या वायरी तुटतात, आणि पुढच्या वेळी ट्रिप आणखी लवकर येते. म्हणून “कधीमधी होते, चालते तसंच” म्हणून सोडलेली तक्रार पावसाळ्यापर्यंत रोजची झालेली असते.

थोडं कारण, मग तपासणी

४१५ व्होल्टचा सप्लाय ड्राइव्हच्या आत डीसी होतो तेव्हा ४१५ गुणिले १.४१४, म्हणजे साधारण ५८७ व्होल्ट बनतात. मोटरला जबरदस्तीने मंद केलं की ती जनरेटर होते आणि फिरत्या वजनातली शक्ती उलटी या डीसी बसवर, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी साठ्यावर, येऊन पडते. बहुतेक ४०० व्होल्ट गटातले ड्राइव्ह ८०० ते ८२० व्होल्टला ट्रिप होतात. त्याच्या आत, कंपनीप्रमाणे ६८० ते ७८० च्या दरम्यान कुठेतरी, चॉपर ट्रान्झिस्टर सुरू होतो आणि ती शक्ती रेझिस्टरमध्ये जाळतो. रेझिस्टर म्हणजे पाणी ओसंडायच्या आत ठेवलेला सांडवा.

पंखा किंवा कन्व्हेयर बंद करताना शक्ती एकदाच परत येते. चाळणीचं तसं नाही. तिच्या शाफ्टवर एका बाजूला वजन आहे. ते वर चढताना मोटरकडून घेतं आणि खाली येताना मोटरला देतं, प्रत्येक फेऱ्याला. पूर्ण वेगात हे जाणवत नाही, हळू वेगात चांगलंच जाणवतं. पुढे आकड्यात दाखवतो.

१. ट्रिपची नोंद वाचा (खर्च शून्य)

रीसेट दाबायची घाई करू नका. जवळजवळ प्रत्येक ड्राइव्ह ट्रिपच्या क्षणीची फ्रिक्वेन्सी, करंट आणि डीसी बस व्होल्टेज साठवून ठेवतो. तीन ट्रिपचे आकडे कागदावर उतरवा. ट्रिप दरवेळी ११-१२ हर्ट्झलाच येत असेल तर मशीन स्प्रिंगांच्या लयीत अडकतेय. ४५-५० हर्ट्झलाच येत असेल तर रेझिस्टर काम करतच नाही किंवा मंद करायचा वेळ फारच कमी ठेवलाय. आणि नोंद ओव्हरकरंटची असेल तर ही पोस्ट इथेच सोडा, तुमची तक्रार वेगळी आहे.

२. सप्लाय किती आहे? (खर्च शून्य)

मोटर उभी असताना ड्राइव्हच्या डिस्प्लेवर डीसी बस व्होल्टेज लावा आणि १.४१४ ने भागा. पॅनल न उघडता सप्लाय कळला. दिवसा एकदा आणि रात्री १२ च्या पुढे एकदा बघा. रात्री आजूबाजूचा लोड उतरतो, सप्लाय चढतो. त्यात आपल्याच पॅनलमधली पॉवर फॅक्टरची कपॅसिटर बँक हाताने चालू करून तशीच ठेवलेली असेल तर तो आणखी वर जातो. ४६० व्होल्ट म्हणजे डीसी बस ६५०. मंद व्हायला सुरुवात होण्याआधीच तुमची ६०-६५ व्होल्टची जागा गेली.

एका क्रशरवर मी रात्री साडेअकराला पोहोचलो तर चाळणी उभी, सगळे चहा पितायत आणि रेझिस्टरच्या जाळीवर ठेवलेलं फडकं धुमसतंय. कोणीतरी ड्राइव्हमध्ये चॉपर सुरू व्हायचा व्होल्टेज ओढून ६६० वर आणून ठेवला होता, “लवकर ब्रेक लागावा म्हणून”. रात्री डीसी बस तिथपर्यंत आपोआपच पोहोचत होती. मोटर बंद, आणि चॉपर सप्लायमधूनच वीज ओढून रेझिस्टरमध्ये जाळत बसला होता. पॅरामीटर पूर्ववत केला, कपॅसिटर बँक ऑटोवर टाकली, काम झालं. रेझिस्टर तोच राहिला. फडकं मात्र गेलं.

३. पॅरामीटर (खर्च शून्य, पण आधीचे आकडे लिहून ठेवा)

पहिलं, ब्रेक चॉपर चालू केलाय का? रेझिस्टर जोडलेला आणि पॅरामीटरमध्ये चॉपर बंद, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

दुसरं, ओव्हरव्होल्टेज रोखणारं फंक्शन. प्रत्येक कंपनीत त्याचं नाव वेगळं असतं, पण काम एकच: डीसी बस चढली की मंद होणं थांबवायचं. रेझिस्टर लावला असेल तर हे बंद पाहिजे. नाहीतर ड्राइव्ह रेझिस्टरवर शक्ती जाऊच देत नाही, वेग रेंगाळवत बसतो. आणि चाळणीला नेमकं रेंगाळणंच सोसत नाही.

तिसरं यातूनच निघतं, आणि इथे बहुतेकांची गाडी घसरते. ओव्हरव्होल्टेज आला की मंद करायचा वेळ वाढवा, असं सगळे सांगतात. पंख्याला ते बरोबर आहे. चाळणीचा वेळ ५ सेकंदांवरून ३० वर नेला तर वरच्या वेगाची ट्रिप जाते खरी, पण मशीन स्प्रिंगांच्या लयीच्या पट्ट्यात सहापट जास्त वेळ राहते, उड्या मारते आणि तिथे ट्रिप होते. मग माणूस वेळ ४५ करतो.

उपाय उलटा आहे. वरच्या वेगातून झपझप खाली या आणि १५-२० हर्ट्झवर आलात की डीसी इंजेक्शन ब्रेक लावा. त्यात मोटरच्या वाइंडिंगला डीसी दिला जातो आणि फिरण्यातली शक्ती मोटरच्या रोटरमध्येच जिरते, डीसी बसवर येत नाही. एवढ्या खालच्या वेगात शक्ती थोडीच उरलेली असते, मोटर ती सहन करते. फक्त दर मिनिटाला चालू-बंद होणारी मशीन असेल तर मोटरच्या तापमानावर लक्ष ठेवा.

चौथं, ड्राइव्ह व्हेक्टर मोडमध्ये असेल तर साध्या व्ही-बाय-एफ मोडवर (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठरल्या प्रमाणात ठेवणारा मोड) आणून स्लिप कॉम्पेन्सेशन (लोडखाली घसरलेला वेग भरून काढणारं सेटिंग) बंद करून बघा. व्हेक्टर मोडमध्ये ड्राइव्ह वेग घट्ट धरून ठेवायला बघतो, त्यामुळे वजनाचा प्रत्येक हेलकावा थेट डीसी बसवर येतो. वेगाला थोडं सैल सोडलं तर हेलकावा फिरत्या वजनातच मुरतो. चाळणीला १ टक्का अचूक वेगाचं करायचंय तरी काय?

पाचवं, फीडर कमी-जास्त वेगाने चालवत असाल तर लयीच्या पट्ट्यावर जंप फ्रिक्वेन्सी टाका, म्हणजे ऑपरेटरने पॉट (वेगाचं बटन) फिरवला तरी मशीन त्या वेगावर थांबणार नाही. चालू-बंद होताना मात्र ती हा पट्टा ओलांडणारच.

४. बघा, हुंगा, पण हात लावू नका

इथून पुढे मेन स्विच बंद, त्याला कुलूप आणि चावी आपल्या खिशात. डिस्प्ले विझला म्हणजे डीसी बस रिकामी झाली असं समजू नका. ड्राइव्हवर लिहिलेला वेळ पाळा, निदान १० मिनिटं थांबा, मग मीटर डीसी प्लस-मायनसवर लावून शून्याजवळ आलंय याची खात्री करा. मीटर ठीक आहे हे आधी चालू सप्लायवर तपासून घ्या.

मग रेझिस्टर बघा. रंग पोळलाय का, चिनीमातीच्या नळीला तडा आहे का, थिंबल (वायरीच्या टोकाची टोपी) काळं पडलंय का. गिट्टीची भुकटी जाळीत सिमेंटसारखी बसलेली असते, ती ब्रशने काढा. नागपुरात मे महिन्यात सावलीतच ४५ च्या वर पारा जातो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. भुकटीने झाकलेला रेझिस्टर त्या दिवसांत अर्ध्या कामालाच दमतो. “फक्त दुपारी ट्रिप”चं एक कारण हे, दुसरं रेझिस्टरवरच्या थर्मोस्टॅटचं. तो तापून उघडतो, मशीन थांबते, तासाभराने आपोआप बरी होते आणि दोष ड्राइव्हला लागतो.

५. ओहम मोजा, आणि ठोकून मोजा

रेझिस्टरच्या दोन्ही वायरी ड्राइव्हपासून सोडवा, नाहीतर मीटर भलतंच काहीतरी दाखवेल. प्लेटवर ५० ओहम लिहिलं असेल तर ४५ ते ५५ मध्ये आकडा यायला हवा. बॉडीला शॉर्ट नाही ना, तेही मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) बघा. मेगर लावताना वायरी ड्राइव्हपासून सोडवलेल्याच पाहिजेत, नाहीतर ड्राइव्ह उडाला म्हणून समजा.

आकडा बरोबर आला म्हणून थांबू नका. पाचगावच्याच एका चाळणीवर सकाळी सगळं ठीक, जेवणानंतर ट्रिप, असं आठ दिवस चाललं होतं. रेझिस्टर मोजला, ५१ ओहम, झकास. मीटर तसंच लावून ठेवलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने नळीवर टक-टक केलं. ५१... ५१... आणि एकदम ओपन. पुन्हा टक, पुन्हा ५१. आतली तार तुटलेली, टोकं एकमेकांना टेकलेली. गार असताना चिकटून राहायची, तापून फुगली की सुटायची. ऑपरेटर बघतच राहिला. म्हणाला, “म्हंजे हा दोन जागी काम करत होता जी?”

६. रेझिस्टर बसवलाय कुठे?

ती तार तुटली कशाने? रेझिस्टर चाळणीच्या पायाच्या चॅनलवर बोल्ट करून टाकला होता. जवळ पडतो, वायर कमी लागते. चाळणीची फ्रेम स्प्रिंगांवर असते हे खरं, पण खालच्या चॅनललाही दर मिनिटाला शेकडो झटके बसतातच. चिनीमातीच्या नळीवर गुंडाळलेल्या तारेला ते किती दिवस सोसतील?

रेझिस्टर वेगळ्या स्टँडवर, जमिनीत वेगळा गाडून, चाळणीच्या फाउंडेशनला न जोडता बसवा. शक्यतो अॅल्युमिनियमच्या खोक्यात भरलेला घ्या, उघड्या नळीचा नको. स्प्रिंग वॉशर आणि डबल नट लावा. वायर तापमान सोसणारी सिलिकॉनची मल्टिस्ट्रँड घ्या, शेवटी एक छोटा वळसा मोकळा सोडा. ड्राइव्हपासूनचं अंतर मॅन्युअलमध्ये दिलंय त्याच्या आत ठेवा. बऱ्याच ड्राइव्हना ते ५ ते १० मीटर आहे.

७. एवढं करून भागलं नाही, तर आता साइज

“मोठा रेझिस्टर लावून देऊ का?” याला माझा उलटा प्रश्न असतो: मोठा म्हणजे काय मोठं, ओहम की वॅट? ओहम वाढवले तर ब्रेक हलका पडतो. वॅट वाढवले तर रेझिस्टर जास्त वेळ टिकतो. दुकानातून ‘मोठा’ म्हणून आणलेला १०० ओहमचा रेझिस्टर लावून ट्रिपा वाढल्याची उदाहरणं माझ्याकडे आहेत.

एक हिशोब धरू. १५ किलोवॅटची मोटर, पट्ट्याने फिरवलेला एक शाफ्ट, ९०० आरपीएम. वजनं, पुली आणि मोटरचा रोटर सगळं शाफ्टवर मोजून जडत्व ४ किलोग्रॅम मीटर वर्ग. ९०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ९४ रेडियन. फिरण्यातली ऊर्जा (वर जिला शक्ती म्हटलं ती) म्हणजे जडत्वाचं अर्धं गुणिले वेगाचा वर्ग: साधारण १७.८ किलोज्यूल. ४ सेकंदांत थांबवायची तर सरासरी ४.४ किलोवॅट आणि सुरुवातीच्या क्षणी दुप्पट, ८.९ किलोवॅट.

चॉपर ७८० व्होल्टला चालतो असं धरलं तर ७८० चा वर्ग भागिले ८,९००, म्हणजे ६८ ओहम. ही वरची मर्यादा, याहून जास्त ओहम चालणार नाहीत. खालची मर्यादा ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये असते, समजा ४० ओहम. त्याच्या खाली गेलात तर चॉपर ट्रान्झिस्टरमधून झेपणार नाही इतका करंट जाईल आणि तो फुटेल. यात सवलत नाही. या दोघांच्या मध्ये मी ५० घेईन. तो १२ किलोवॅट खेचतो, झटक्यांना जागा राहते.

आता वॅट. तासाला १० वेळा बंद केली तर १७,८०० ज्यूल गुणिले १० भागिले ३,६०० सेकंद, जेमतेम ५० वॅट. म्हणूनच लोक छोटासा रेझिस्टर लावतात आणि चार्टही तसंच सांगतो.

पण तो हेलकावा विसरला. १२० किलो वजन मध्यापासून ८ सेंटिमीटरवर आहे. वरून खाली येताना ते १८८ ज्यूल सोडतं. ९०० आरपीएमला शाफ्टमध्ये १७,८०० ज्यूल असतात, त्यात १८८ म्हणजे शंभरात एक, वेग जरासा हलतो आणि विषय संपतो. २०० आरपीएमला शाफ्टमध्ये उरलेत फक्त ८८० ज्यूल, आणि त्यात १८८ म्हणजे पाचात एक! आणि ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये किती मावतं? कपॅसिटर १,००० मायक्रोफॅरड धरला तर ५८७ पासून ८०० व्होल्टपर्यंत जेमतेम १५० ज्यूल. एका फेऱ्यात बस काठोकाठ. वर स्प्रिंगांचं उड्या मारणं वेगळंच.

बेरिंगचं घर्षण आणि मोटरचे लॉस यातला बराच भाग खातात, पण वाईटात वाईट धरायचं तर २०० आरपीएमला मशीन रेंगाळत राहिली तेव्हा १८८ ज्यूल सेकंदाला तीन-सव्वातीन वेळा, म्हणजे ६०० वॅटच्या वर, सतत. कुठे ५० आणि कुठे ६००. सफाईसाठी जॉगवर चाळणी हळू फिरवत बसण्याची सवय असेल, किंवा कन्व्हेयरच्या इंटरलॉकने (कन्व्हेयर थांबला की चाळणी थांबवणाऱ्या जोडणीने) चाळणी दर दोन मिनिटांनी थांबत असेल, तर मी १ ते १.५ किलोवॅट घेतो. ५०० वॅटवर भागवत नाही. शिवाय ४ सेकंद १२ किलोवॅटचा झटका त्या रेझिस्टरला सोसतो का, हे त्याच्या ओव्हरलोड चार्टवर बघा. फक्त वॅट सारखे असले म्हणून दोन रेझिस्टर सारखे नसतात. बंद खोक्यात घालणार असाल तर वॅट आणखी वाढवा.

दोन व्हायब्रो मोटरची (शाफ्टवरच वजनं बसवलेल्या मोटरची) मशीन असेल तर प्लेटवर वजनांचा मोमेंट (वजन गुणिले मध्यापासूनचं अंतर) दिलेला असतो, तो घ्या. दोन्हींची बेरीज विसरू नका.

इथे हात थांबवा

मशीन उभी, सप्लायही जागेवर, चॉपरचं सेटिंग बरोबर, तरी रेझिस्टर तापतोय? चॉपर ट्रान्झिस्टर शॉर्ट झालाय. ड्राइव्हचं स्टॉप बटन दाबून काहीही होणार नाही, मेन बंद करा, ताबडतोब. याचसाठी थर्मोस्टॅटचा संपर्क नुसता ड्राइव्हच्या इनपुटला न देता मेन काँटॅक्टरच्या कॉइलमध्ये असावा. तुमच्याकडे तसा नसेल तर ते काम आजच लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

ड्राइव्ह उघडून मॉड्यूल बदलणं घरचं काम नाही. नवा रेझिस्टर पहिल्याच दिवशी गेला, दोनदा सेटिंग बदलूनही ट्रिप त्याच फ्रिक्वेन्सीला येतेय, किंवा ब्रेक नीट लागूनही चाळणी एका बाजूला झुकून थरथरते, तर शोध थांबवा. शेवटच्या प्रकारात दोष बहुधा विजेचा नाहीच: स्प्रिंग मोडली असेल, वेल्डला चीर असेल, बेरिंग गेलं असेल. मेकॅनिकल माणूस बोलवा. कोळशाच्या भुकटीजवळ रेझिस्टर असेल तर तो कुठे आणि कसा ठेवायचा हे स्वतः ठरवू नका. खाणीच्या हद्दीत तर डीजीएमएसचे (खाण सुरक्षा महासंचालनालयाचे) नियम लागतात.

आणि फोन करण्याआधी पाच गोष्टी जवळ ठेवा: ड्राइव्ह, मोटर आणि रेझिस्टर या तिघांच्या प्लेटचे फोटो, ट्रिपच्या तीन नोंदी, आणि रात्रीचा डीसी बसचा आकडा. नाहीतर बुटीबोरीहून पाचगावला यायचं, अन् मग तुम्ही म्हणायचं, “आता त चालू आहे जी, सकाळी होत होतं.”